राजांच्या गाडीला राजा मिळाला नाही

१९ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एका मोटारीचा लिलाव झाला. एरवी संगीताच्या मैफली रंगणाऱ्या या वास्तूत त्या दिवशी बोली लागत होती ती सुमारे सहा मीटर लांबीच्या, पन्नास वर्षांहून जुन्या दोन दारांच्या एका गाडीवर. बोली थांबली ५५ लाख पौंडांवर. लिलावात एखाद्या मोटारीला इतके मोल तोवर कधीच मिळाले नव्हते. त्या रकमेच्या बातम्या जगभर झाल्या. मात्र ज्या माणसाने ही गाडी घडवली, त्याला ती आपल्या हयातीत कोणालाही विकता आली नव्हती, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. त्या माणसाचे नाव एत्तोरे बुगाटी. ती गाडी म्हणजे त्यांची 'रोयाल', अर्थात राजेशाही.

आज बुगाटी हे नाव घेतले की ताशी चारशे किलोमीटरच्या पुढे धावणारी व्हेरॉन डोळ्यांपुढे येते. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने १९९८ मध्ये हे नाव विकत घेतले आणि २००५ मध्ये व्हेरॉन बाजारात आणली. एत्तोरे बुगाटी त्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ आधी जग सोडून गेले होते. गाडी कशी असावी याबरोबरच ती कोणाकडे असावी, हेही आपणच ठरवायचे असा त्यांचा हट्ट होता. त्या हट्टाने त्यांना मोठेपण दिले आणि त्याची किंमतही पुरेपूर वसूल केली.

एत्तोरे यांचा जन्म १५ सप्टेंबर १८८१ चा, इटलीतील मिलान शहरातला. घरात यंत्रांचे नव्हे, कलेचे वातावरण होते. वडील कार्लो बुगाटी हे फर्निचर घडवणारे विलक्षण कारागीर. चर्मपत्र मढवलेल्या, तांब्या-पितळेची जडणघडण केलेल्या त्यांच्या खुर्च्या बसण्यापेक्षा पाहण्यासाठी अधिक योग्य होत्या. १९०२ साली तुरीनच्या प्रदर्शनात त्यांनी गोगलगायीच्या शंखाच्या वळणावर बेतलेली एक अख्खी खोली मांडली आणि सन्मान मिळवला. आत्याचे यजमान म्हणजे विख्यात चित्रकार जोव्हान्नी सेगान्तिनी. धाकटा भाऊ रेम्ब्रांट याला नावच चित्रकाराचे मिळाले होते. तो पुढे प्राण्यांची शिल्पे घडवणारा श्रेष्ठ शिल्पकार झाला. थोरल्या एत्तोरेनेही कलाकारच व्हावे अशी घरच्यांची अपेक्षा होती. परंतु भावाच्या बोटांतली जादू आपल्या बोटांत नाही, हे या मुलाला लवकर उमगले असावे. तो यंत्रांकडे वळला. कलेची ओढ मात्र सुटली नाही. पुढे त्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या इंजिनांचे पृष्ठभाग हाताने घासून असे चकचकीत केलेले असत, की बॉनेट उघडल्यावर एखाद्या सोनाराच्या पेढीवर आल्यासारखे वाटावे.

मिलानमधील प्रिनेत्ती आणि स्तुक्की या कंपनीत सतराव्या वर्षी त्याची उमेदवारी सुरू झाली. शिवणयंत्रे, सायकली बनवणारी ही कंपनी मोटारीच्या तीनचाकी बनवू लागली होती. एत्तोरेने त्यावर प्रयोग केले, शर्यती मारल्या. १९०१ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात त्याने स्वतः आखलेली चारचाकी ठेवली आणि पारितोषिक पटकावले. ते पाहून अल्सासमधील द दीत्रिश या बड्या कंपनीने त्याला नोकरी देऊ केली. अडचण एवढीच होती की हा अभियंता अजून सज्ञान नव्हता. करारावर वडिलांना सही करावी लागली.

त्यानंतरची सहा-सात वर्षे नोकऱ्या बदलण्यात गेली. कोलोनच्या डॉइट्झ कंपनीत असताना त्यांनी घराच्या तळघरात रात्री जागून एक छोटी गाडी स्वतःसाठी जुळवली. त्या काळी वेगवान गाडी म्हणजे प्रचंड इंजिनाचे धूड, असा समज होता. बुगाटींची ही गाडी हलकी, चपळ आणि आटोपशीर होती. शुद्ध वंशाच्या घोड्याला फ्रेंच भाषेत जे नाव आहे, ते 'प्यूर सां' हेच तिला त्यांनी दिले. घोडा हा त्यांचा जन्मभराचा जीव होता. गाडीला ते घोड्याच्याच मापाने मोजत.

१९०९ च्या अखेरीस नोकरी सोडून त्यांनी अल्सासमधील मोल्सहाइम या गावी एक बंद पडलेला रंगाचा कारखाना भाड्याने घेतला. हा प्रदेश तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. इटालियन माणूस, जर्मन भूमी आणि फ्रेंच गिऱ्हाइके, असा हा संसार. पुढे दोन महायुद्धांत सीमा इकडच्या तिकडे झाल्या तेव्हा याच तिढ्याने बुगाटींना छळले. तूर्त मात्र यश दाराशी आले. १९११ मध्ये ल मान्सच्या शर्यतीत एर्नेस्ट फ्रिदरिश हा त्यांचा मेकॅनिक-चालक जेमतेम दीड लिटरच्या आतले इंजिन असलेली गाडी घेऊन उतरला आणि त्याच्या कितीतरी पट मोठ्या इंजिनाच्या फियाटपाठोपाठ दुसरा आला. युरोपातल्या हौशी धनिकांनी या चिमुकल्या गाडीची दखल घेतली.

पहिले महायुद्ध सुरू होताच बुगाटी कुटुंबासह मिलानला आणि पुढे पॅरिसला गेले. जाण्यापूर्वी तीन शर्यतीच्या गाड्यांचे सुटे भाग त्यांनी मोल्सहाइममध्ये जमिनीत पुरून ठेवले होते. युद्धकाळात त्यांनी विमानांची इंजिने आखली. १९१६ च्या जानेवारीत मात्र घरावर आघात झाला. अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात ज्या प्राण्यांसमोर तासन्‌तास बसून रेम्ब्रांट शिल्पे करीत असे, ते प्राणी युद्धामुळे मारावे लागले होते. युद्ध, एकटेपणा आणि तंगी यांनी खचलेल्या रेम्ब्रांटने पॅरिसमध्ये आपले जीवन संपवले. त्याचे वय अवघे ३१ होते. त्याने घडवलेला, मागच्या पायांवर उभा राहून सोंड उंचावलेला एक हत्ती थोरल्या भावाने जपून ठेवला. तो हत्ती या कथेत पुन्हा येणार आहे.

युद्ध संपले, अल्सास फ्रान्सकडे आले आणि पुरलेल्या गाड्या जमिनीबाहेर निघाल्या. १९२० मध्ये ल मान्सला फ्रिदरिशने त्यांपैकीच एका पद्धतीच्या गाडीवर शर्यत जिंकली. त्याच शर्यतीत बुगाटींची दुसरी गाडी बाद ठरली, कारण स्वतः मालकांनी न राहवून तिच्या रेडिएटरच्या टोपणाला हात लावला होता. हा माणूस कसा होता हे सांगायला एवढा प्रसंग पुरेसा आहे. पुढच्या वर्षी ब्रेशिया येथे पहिले चारही क्रमांक बुगाटीने घेतले.

१९२४ मध्ये लिऑनच्या ग्रां प्री शर्यतीत 'टाइप ३५' ही गाडी अवतरली. घोड्याच्या नालेच्या आकाराचे रेडिएटर, मागे निमुळते होत गेलेले शेपूट, आकाशी निळा रंग आणि ॲल्युमिनियमची ओतीव चाके. पहिल्या शर्यतीत टायरांनी दगा दिला आणि हाती काही लागले नाही. पण त्यानंतर १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे सिसिलीच्या डोंगरातली अवघड तार्गा फ्लोरिओ शर्यत बुगाटीने सोडली नाही. १९२९ साली मोनॅकोची पहिली ग्रां प्री जिंकली तीही याच मालिकेतील गाडीने. एलिश्का युन्कोव्हा या चेक महिलेने १९२८ च्या तार्गा फ्लोरिओत याच गाडीवर मातब्बर पुरुष चालकांना घाम फोडला. ती पाचवी आली. विशेष म्हणजे ही गाडी पैसे मोजणाऱ्या कोणालाही विकत मिळे. कारखान्याच्या संघाकडे जे यंत्र, जवळपास तेच यंत्र खासगी गिऱ्हाइकाकडे, असा तो मामला होता. श्रीमंत तरुणाने सोमवारी गाडी घ्यावी आणि रविवारी शर्यतीत उतरावे.

अशा गिऱ्हाइकांचे मोल्सहाइममध्ये स्वागतही थाटात होई. कारखान्याजवळ पाहुण्यांसाठी हॉटेल होते, घोड्यांचे तबेले होते. कार्यशाळेची दारे ओक लाकडाची, त्यांवरचे पितळ लखलखीत. डोक्यावर गोल टोपी आणि पायात घोडेस्वारीचे बूट अशा वेशात मालक तेथे वावरत. सगळे कामगार त्यांना 'मालक' म्हणूनच ओळखत. तक्रारीला मात्र तेथे फारशी जागा नव्हती. थंडीत गाडी चालू होत नाही म्हणणाऱ्याला, बुगाटी परवडते तर गरम ठेवलेले गॅरेजही परवडायला हवे, असे ऐकवले गेल्याची कथा सांगतात. ब्रेकविषयी कुरकुर करणाऱ्याला, आपल्या गाड्या धावण्यासाठी असतात, थांबण्यासाठी नव्हेत, असे उत्तर मिळाल्याचीही कथा आहे. या कथांवर मोटारशौकीन आजही खूश असतात. पण त्यात विनोदाइतकाच अहंकारही आहे. इतरांनी तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक स्वीकारल्यानंतरही कित्येक वर्षे बुगाटी तारांच्या ब्रेकना चिकटून राहिले, १९३८ पर्यंत. जे आपल्याला सुचले नाही त्याची गरजच नाही, असे मानण्याचा दोष त्यांच्यात होता.

याच अहंकारातून रोयालचा जन्म झाला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जगातील सर्वात महागडी गाडी निवडायला निघालेल्या धनिकापुढे कोणते पर्याय होते? आवाज न करता चालणारी, कधी न बिघडणारी गाडी हवी असेल तर इंग्लंडची रोल्स-रॉईस. स्वतः गाडी हाकायची आवड असेल तर हिस्पानो-सुइझा. तिचे ब्रेक इतके सरस, की खुद्द रोल्स-रॉईसने त्या रचनेचा परवाना घेतला. थाटमाट मिरवायचा असेल तर इटलीची इसोत्ता-फ्रास्किनी, जी अमेरिकी चित्रपटतारकांना फार प्रिय होती. नुसता वेग आणि गर्जना हवी तर मर्सिडीज. १९२८ च्या अखेरीस अमेरिकेची ड्युसेनबर्ग मॉडेल जे या पंक्तीत आली. त्या काळी अशी गाडी तयार विकत मिळत नसे. कंपनीकडून घ्यायचा तो इंजिन आणि चाकांसह नुसता सांगाडा, म्हणजे चॅसी. मग ती लंडनच्या किंवा पॅरिसच्या नामांकित बॉडी बांधणाऱ्याकडे न्यायची, आसनांचे कातडे, लाकूड, रंग, दिव्यांच्या जागा सारे पसंत करायचे आणि महिनोन्‌महिने थांबायचे. गाडीची निवड म्हणजे अंगाचे माप देऊन राजवस्त्र शिवून घेण्यासारखे होते.

या पंक्तीत बुगाटीला शर्यतीचा मान होता, दरबाराचा नव्हता. असे सांगतात की, कोण्या इंग्रज बाईंनी एकदा जेवणाच्या टेबलावर सहज म्हटले, वेग हवा तर बुगाटी घ्यावी, पण सर्वोत्तम गाडी हवी तर रोल्स-रॉईसच. एत्तोरेंनी ते मनाला लावून घेतले. कथा खरी असो वा नसो, जगातल्या सर्व गाड्यांवर मात करणारी, केवळ राजेरजवाड्यांसाठी असलेली गाडी घडवण्याचा ध्यास त्यांना महायुद्धाच्या आधीपासूनच होता, आणि १९२६ मध्ये तिचा पहिला नमुना रस्त्यावर आला.

तिचे आकडे आजही चकित करतात. इंजिन आठ सिलिंडरचे, १२,७६३ सीसीचे. पहिल्या नमुन्याचे तर त्याहूनही मोठे. आपल्याकडे ज्या मारुती ८०० ने मध्यमवर्गाला चारचाकीत बसवले, तिच्या इंजिनाच्या हे बरोबर सोळापट होते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ४.३ मीटर, म्हणजे त्या दोन चाकांच्या मध्ये अख्खी मारुती ८०० उभी राहील आणि वर जागा उरेल. वजन सुमारे तीन टन. आणि बॉनेटच्या टोकावर, रेडिएटरच्या टोपणावर, मागच्या पायांवर उभा असलेला हत्ती. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या भावाचे शिल्प एत्तोरेंनी आपल्या सर्वात मोठ्या स्वप्नाच्या माथ्यावर बसवले होते.

अशा २५ गाड्या बनवायच्या, असा संकल्प होता. नुसत्या चॅसीची किंमत तीस हजार डॉलरच्या घरात सांगितली जाते. बॉडीचा खर्च वेगळा. त्याच काळात फोर्डची साधी नवी गाडी पाचशे डॉलरच्या आसपास मिळे. पण पैसा हाती असणे पुरेसे नव्हते. गिऱ्हाईक आपल्या गाडीला शोभते की नाही, हेही बुगाटी पाहत. अल्बेनियाचे राजे झोग यांना गाडी हवी होती, परंतु त्यांची जेवणाच्या टेबलावरची रीत पाहून बुगाटींनी नकार दिला, ही कथा मोटारींच्या जगात वर्षानुवर्षे फिरते आहे. स्पेनचे राजे अल्फान्सो तेरावे यांच्याकडे एक गाडी जाईल असे बोलले जाई; १९३१ मध्ये त्यांचेच सिंहासन गेले. दरम्यान १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि महामंदीने युरोपही व्यापला. ज्यांच्याकडे अजून पैसा होता त्यांनाही तो असा रस्त्यावर मिरवणे प्रशस्त वाटेना.

हिंदुस्थानातले संस्थानिक त्या वर्षांत रोल्स-रॉईसच्या गाड्या घेतच होते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्यासारख्या आधुनिक आवडीच्या राजाने तिसरे दशक सरल्यावर थेट अमेरिकेची ड्युसेनबर्ग निवडली आणि तिची बॉडी लंडनमध्ये बांधून घेतली. रोयालच्या वाटेला मात्र त्यांच्यापैकी कोणीही गेले नाही. राजांसाठी म्हणून जन्मलेली ही गाडी एकाही राजाच्या दारी उभी राहिली नाही.

एकूण सहाच गाड्या बनल्या आणि विकल्या गेल्या तीन. पहिला खरेदीदार होता पॅरिसचा कपड्यांचा कारखानदार आर्मां एस्देर. एत्तोरेंचा थोरला मुलगा ज्याँ याने १९३२ मध्ये त्याच्यासाठी दोनच माणसांची उघडी गाडी रेखाटली. तिला पुढचे दिवेच नव्हते, कारण हे गृहस्थ रात्री गाडी चालवीत नसत आणि दिव्यांनी रेषेचा डौल बिघडतो असे त्यांचे मत होते. दुसरी गाडी योझेफ फुक्स या जर्मन डॉक्टरांनी घेतली. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी देश सोडला आणि ही गाडी शेवटी न्यूयॉर्कला पोहोचली. तेथील कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून इंजिन फुटले, गाडी भंगाराच्या आवारात गेली. जनरल मोटर्सचे अभियंता चार्ल्स चेन यांनी ती काही शे डॉलरना तेथून उचलली, नीट केली आणि पुढे मिशिगनमधील हेन्री फोर्ड संग्रहालयाला दिली. तिसरे गिऱ्हाईक इंग्लंडचे कॅप्टन कथबर्ट फॉस्टर. त्यांनी जगातल्या या सर्वात उद्धट गाडीवर अशी सोज्वळ, जुन्या वळणाची बॉडी चढवून घेतली, की तिच्यातून पाद्री उतरला तरी नवल वाटू नये.

उरलेल्या तीन घरातच राहिल्या. पहिल्या गाडीचे रूप एत्तोरेंनी पुन्हा पुन्हा बदलले. पॅरिसहून परतताना चालवता चालवता डोळा लागून एकदा त्यांनीच ती आपटली, तेव्हा नवी बॉडी चढली. ज्याँने रेखाटलेले ते रूप 'कूपे नेपोलियन' या नावाने विख्यात झाले. चालक उघड्यावर, मालक बंदिस्त दालनात. स्वतः एत्तोरे तीच वापरीत.

२५ गाड्यांच्या हिशेबाने आखलेल्या इंजिनांचे करायचे काय, हा प्रश्न होता. कारखाना वाचवणे भाग होते. येथे या हट्टी माणसाची बुद्धी दिसते. फ्रान्सच्या रेल्वेला तेव्हा वेगवान, हलक्या डब्यांची गरज होती. बुगाटींनी रोयालची चार इंजिने एका डब्यात बसवली, मधोमध उंचावर चालकाची खोली ठेवली आणि १९३३ मध्ये पॅरिसहून दोव्हिलच्या मार्गावर ही गाडी धावू लागली. पुढच्याच वर्षी तिने ताशी १९६ किलोमीटरचा विक्रम केला. असे ८८ डबे बनले आणि शेवटचा डबा सेवेतून निघाला तो १९५८ मध्ये. जे यंत्र सम्राटांसाठी घडले होते, त्याने पाव शतक तिकीट काढून बसणाऱ्या साध्या उतारूंची सेवा केली. रोयालच्या साऱ्या इतिहासात व्यवहार म्हणून यशस्वी झालेला भाग एवढाच.

एव्हाना गाड्यांची सूत्रे ज्याँच्या हाती जाऊ लागली होती. १९०९ मध्ये कोलोन येथे जन्मलेल्या या मुलात आजोबांची नजर आणि वडिलांचा हात एकवटला होता. 'टाइप ५७' ही त्याची गाडी. तिच्यावर रचलेल्या 'अटलांटिक' या रूपात पाठीच्या कण्यासारखी एक रिबिटांची शिवण बॉनेटपासून शेपटापर्यंत जाते. मूळ नमुन्याचा मॅग्नेशियमयुक्त पत्रा जोडता येईना म्हणून रिबिटे मारली होती. पुढे ॲल्युमिनियम वापरल्यावर त्यांची गरज उरली नाही, पण शिवण तशीच ठेवली गेली. अशा चारच गाड्या झाल्या. एक महायुद्धाच्या धामधुमीत नाहीशी झाली, ती आजतागायत सापडलेली नाही.

१९३६ च्या उन्हाळ्यात फ्रान्सभर संपाची लाट आली आणि मोल्सहाइमचे कामगारही त्यात उतरले. आपण या माणसांचे पोशिंदे आहोत, अशी एत्तोरेंची समजूत होती. कामगारांनी आपल्याला कारखान्यात येऊ देऊ नये, हा धक्का त्यांना सोसला नाही. त्यांनी कारभार ज्याँवर सोपवला आणि पॅरिसला राहायला गेले. कामगारांची बाजू अन्यायाची नव्हती. पगारी सुट्टी आणि आठवड्याचे ४० तास त्या लाटेतच फ्रान्सला मिळाले. परंतु ओकच्या दारांना पितळी कुलपे लावणाऱ्या मालकाला बदलता काळ वाचता आला नाही, हेही खरे.

ज्याँने कारखाना सावरला. १९३७ मध्ये आणि पुन्हा १९३९ च्या जूनमध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत बुगाटीने जिंकली. दुसऱ्या विजयाच्या वेळी जाँ-पिएर विमील आणि पिएर व्हेरॉन ही जोडी चाकावर होती. आजच्या गाडीला नाव मिळाले ते याच व्हेरॉनचे. त्यानंतर दोन महिनेही उलटले नव्हते. ११ ऑगस्ट १९३९ च्या रात्री ज्याँ तीच विजयी गाडी घेऊन कारखान्याजवळच्या सरळ रस्त्यावर चाचणीला निघाला. रस्ता अडवण्यासाठी माणसे उभी होती, तरी एक सायकलस्वार आत शिरला. त्याला वाचवताना गाडी झाडावर आदळली. ज्याँ ३० वर्षांचा होता. तिसऱ्या आठवड्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले.

पुढचे सारे उताराचेच आहे. जर्मनांनी अल्सास घेतला आणि बुगाटींना कारखाना विकायला भाग पाडले. तेथे जर्मन सैन्यासाठी माल बनू लागला. विकल्या न गेलेल्या रोयाल भिंतीआड दडवण्यात आल्या. १९४४ मध्ये पत्नी बार्बारा यांचे निधन झाले. फ्रान्स मुक्त झाला तेव्हा कारखाना परत मिळेल अशी आशा होती. पण शत्रूला विकलेली मालमत्ता म्हणून फ्रेंच सरकारने तो जप्त केला. त्यात एत्तोरे जन्माने आणि नागरिकत्वाने इटालियन. फ्रान्सच्या निळ्या रंगाने जगभर शर्यती जिंकून देणाऱ्या माणसाला न्यायालयात आपली निष्ठा सिद्ध करावी लागली. खटला लांबला. त्यांनी दुसरा विवाह केला, छोट्या गाडीचे आराखडे मांडले, पण शरीर साथ देईना. १९४७ च्या उन्हाळ्यात निकाल त्यांच्या बाजूने लागला, तेव्हा ते अखेरच्या आजारात होते. २१ ऑगस्ट १९४७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

मोल्सहाइममध्ये पुन्हा गाड्या बनवण्याचे प्रयत्न धाकटा मुलगा रोलाँ याने केले. ते टिकले नाहीत. १९५० मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅम हे अमेरिकी शर्यतपटू फ्रान्सला आले आणि दडवलेल्यांपैकी दोन रोयाल त्यांनी बुगाटी कुटुंबाकडून घेतल्या. किमतीत थोड्या रकमेबरोबर दोन नवे अमेरिकी रेफ्रिजरेटरही होते, असे सांगतात. युद्धानंतरच्या फ्रान्समध्ये ती दुर्मिळ चीज होती. १९८७ साली रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ५५ लाख पौंडांना गेली, ती या दोहोंपैकी एक.

कूपे नेपोलियन आणि कॅप्टन फॉस्टर यांची गाडी अल्सासमधल्याच म्युलूज शहरी आहे. लोकरीच्या गिरण्यांचे मालक असलेल्या श्लुम्फ बंधूंनी गुपचूप शेकडो मोटारी जमवल्या होत्या. १९७७ मध्ये नोकऱ्या गमावलेल्या गिरणी कामगारांनी ती जागा ताब्यात घेतली, तेव्हा आतला खजिना जगाला कळला. १९८२ पासून तेथे संग्रहालय आहे. त्याच शहराच्या रेल्वे संग्रहालयात बुगाटींचा एक रेल्वेडबाही उभा आहे. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे सहाही रोयाल प्रथमच एका हिरवळीवर एकत्र आल्या. त्या बनत होत्या त्या काळातही हे कधी घडले नव्हते.

एत्तोरे यांचे दफन मोल्सहाइमशेजारच्या दोर्लिसहाइम गावी झाले. ज्याँही तेथेच आहे.